तिसरा ठिपका कुठे गेला? सांगलीतल्या एका प्रॅक्टिकलचा प्रकरण अभ्यास

लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची होती, आणि जर्नलमध्ये उत्तर लिहिलं होतं ८१२ नॅनोमीटर. समोर भिंतीवर आलेख कागद चिकटवलेला, त्यावर लेझरचे लालभडक ठिपके ओळीने पडलेले, आणि हिशेब सांगत होता की हा प्रकाश अवरक्त आहे. माणसाची नजर ७०० नॅनोमीटरच्या पुढे झपाट्याने मंदावते. म्हणजे मुलांनी ज्या उजेडाकडे बघून खुणा केल्या, तो उजेड त्यांच्याच खुणांनुसार दिसायलाच नको होता. लेझरच्या नळीवरच्या लेबलवर तर स्पष्ट ६५० छापलेलं.

असं उत्तर आलं की बहुतेक ठिकाणी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या टेबलावरून आकडा घेतला जातो, तक्ता उलटा भरला जातो आणि सही होते. या गटाने तसं केलं नाही म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. शिवाय त्यांची अडचण फक्त मोजणीची नव्हती. व्यतिकरण (दोन लहरी एकत्र येऊन कुठे वाढणं, कुठे पुसलं जाणं) आणि विवर्तन (अरुंद फटीतून जाताना प्रकाशाचं पसरणं) हे आपण दोन वेगळ्या तासांना, दोन वेगळ्या आकृत्या काढून शिकवतो. त्यांची सांगड भिंतीवर कशी पडते, हे त्या ८१२ ने उघडं केलं.

मांडणी

कनिष्ठ महाविद्यालय सांगलीच्या गावभागातलं, वर्ग बारावी विज्ञानाचा. तरंग प्रकाशिकी शिकवून झाली की दुहेरी फटीचा हा प्रयोग आम्ही लेझरवर करून घेतो, परीक्षेत येवो न येवो. एका टोकाला स्टँडमध्ये लाल डायोड लेझर, त्याच्यासमोर काचेची स्लाइड. स्लाइडवर काळा थर आणि त्यात दोन उभ्या, समांतर फटी कोरलेल्या. तिथून बरोबर ३ मीटरवर भिंत. या गटाच्या स्लाइडवर लिहिलेलं होतं: प्रत्येक फटीची रुंदी ०.१० मि.मी., दोन फटींच्या मध्यांमधलं अंतर ०.३० मि.मी.

सूत्र सोपं आहे. लागोपाठच्या दोन तेजस्वी ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटींमधलं अंतर. ६५० नॅनोमीटर धरले तर ठिपके ६.५ मि.मी.च्या अंतराने पडायला हवेत. एकेक अंतर मोजताना चूक जास्त होते, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि मधल्या अंतरांच्या संख्येने भागायचं, असं आम्ही शिकवतो. गटाने तेच केलं. स्पष्ट दिसणारे ठिपके नऊ. पहिल्यापासून नवव्यापर्यंत ६५ मि.मी. नऊ ठिपक्यांमध्ये अंतरं आठ. ६५ भागिले ८, म्हणजे ८.१२५ मि.मी. आणि तिथून ८१२.

संशय एकेकावर

पहिला संशय पुरावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत शिरलं होतं. खालच्या कप्प्यातलं बरंचसं सामान गेलं, जे वाचलं ते पुसून, वाळवून ठेवलं. तेव्हापासून काहीही बिघडलं की "मॅडम, पुरातलं असेल" हे ठरलेलं वाक्य आहे. तासगावहून एसटीने येणाऱ्या मुलाने लगेच उलटा हिशेब मांडला: फटींमधलं अंतर ०.३० ऐवजी ०.२४ मि.मी. असेल तर उत्तर बरोबर ६५० येतं. थर ओलसर होऊन सरकला असणार.

हे ऐकायला पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. हवं ते उत्तर आधी धरून त्याला जुळेल असा आकडा शोधला तर तो सापडतोच. मी एवढंच म्हटलं, ०.२४ असेल तर मोजून दाखव. स्लाइड ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली, म्हणजे पट्टीवर सरकवून बारीक अंतरं मोजता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेली. एका फटीची डावी कड, उजवी कड, मग दुसरीच्या दोन्ही कडा अशी चार वाचनं घेतली. फटींच्या मध्यांमधलं अंतर ०.३० आलं. थर कुठेही सरकला नव्हता.

मग मिरजेच्या मुलीने शंका काढली की सूत्रातलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंतचं नसून फटींमधल्या काळ्या भागाचं असेल. तो भाग ०.२० मि.मी. भरत होता. तो घातला तर उत्तर ५४२, म्हणजे चक्क हिरवा प्रकाश. भिंतीवर लाल, एका हिशेबात अवरक्त, दुसऱ्यात हिरवा! पण तिची शंका वाया गेली नाही, कारण मध्यापासून मध्यापर्यंत का मोजायचं हे त्यानिमित्ताने सगळ्यांनी कागदावर काढून पाहिलं. एका फटीतला प्रत्येक बिंदू आणि दुसरीतला त्याच जागचा बिंदू यांची जोडी लावली की प्रत्येक जोडीतलं अंतर ०.३० च भरतं.

पडद्याचं अंतर चुकलं असेल का? चूक भरून काढायला ते ३.७५ मीटर असावं लागतं. टेप पाऊण मीटरने चुकत नाही.

राहिला लेझर. इथे एका मुलाने वाचलेलं काही सांगितलं, आणि ते खरं आहे: हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये अनेकदा ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, त्याच्यापासून १०६४ तयार होतात आणि स्फटिकातून त्याचे ५३२ होतात. ८०८ हा आकडा ८१२ ला इतका जवळ की क्षणभर सगळे थबकले. पण आमचा लाल लेझर तसा बनलेला नसतो. त्यात डायोड थेट लालच प्रकाश देतो. शिवाय आम्ही जे मोजलं ते डोळ्यांना दिसणारे ठिपके होते.

आलेख कागद पुन्हा वाचला

सगळे संशयित सुटले तेव्हा मी त्यांना हिशेब बाजूला ठेवून फक्त खुणा वाचायला सांगितल्या. मधल्या ठिपक्यापासून उजवीकडे: ६.५, १३, २६, ३२.५. डावीकडे तेच.

तासगावचा मुलगा दुसऱ्यांदा वाचताना १३ वर अडखळला. "१३ नंतर एकदम २६ कसं?" प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांनी पडदे आणखी ओढून घेतले, दाराखालच्या फटीला पोतं लावलं. पूर्ण अंधारात १९.५ मि.मी.च्या जागी काहीच नव्हतं. कागद काळा. दोन्ही बाजूंना तसंच. आणि आता अंधार पुरेसा झाल्यावर आणखी बाहेर, ४५.५ वर, एक अगदी फिका ठिपका दिसायला लागला. ३९ ची जागा पुन्हा रिकामी.

म्हणजे मधल्यापासून तिसरा ठिपका नाही, सहावा नाही. गटाने मोजलेल्या नऊ ठिपक्यांमध्ये अंतरं आठ नव्हती, दहा होती. ६५ भागिले १०, ६.५ मि.मी. तरंगलांबी ६५०.

त्यांच्यातल्या कवलापूरच्या मुलाने हे एका वाक्यात सांगितलं. "मॅडम, सरी हाय, पण ऊस उगवला न्हाई." उसाच्या रानात सऱ्या सारख्या अंतरावर पाडलेल्या असतात. एखाद्या सरीत उगवणच झाली नाही आणि तुम्ही उभ्या उसाच्या ओळी मोजून रानाची रुंदी भागली, तर सरीतलं अंतर जास्त येणारच. सरी आपल्या जागी असते, फक्त ती दिसत नाही.

उत्तर जुळलं होतं. बरेच जण इथे जर्नल मिटतात. पण त्या सरीत ऊस का उगवला नाही, हा खरा प्रश्न अजून बाकी होता.

ब्लेडची कड

दाढीचं एक ब्लेड स्लाइडच्या अगदी पुढ्यात एका सरकत्या स्टँडवर लावलं आणि स्क्रूने हळूहळू आत सरकवलं, एक फट झाकेपर्यंत. लेझरकडे थेट बघायचं नाही आणि ब्लेडवरून उसळलेला किरण कुणाच्या डोळ्यांकडे जाणार नाही हे आधी पाहायचं, ही ताकीद दिलेली होती.

एक फट झाकली गेली त्या क्षणी ठिपक्यांची ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी मधोमध एक रुंद, सलग लाल पट्टा उरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा सोडून फिके छोटे पट्टे. मधला पट्टा जिथे संपत होता तिथे मुलीने पेन्सिलने खूण केली. १९.५ मि.मी. दोन्हीकडे. पुढचा काळोख ३९ वर.

म्हणजे गायब ठिपक्याची जागा दोन फटी मिळून ठरवत नव्हत्या. एकटी फटसुद्धा त्या जागेला प्रकाश देत नव्हती. कारण असं. फट ०.१० मि.मी. रुंद आहे, लाल प्रकाशाच्या सुमारे दीडशे तरंगलांब्या मावतील एवढी. १९.५ मि.मी.च्या जागेकडे जाणाऱ्या दिशेत फटीच्या एका कडेचा प्रकाश दुसऱ्या कडेपेक्षा बरोबर ६५० नॅनोमीटर, म्हणजे एक पूर्ण तरंगलांबी जास्त चालतो. मग कड आणि फटीचा मध्य यांच्यात फरक अर्ध्या तरंगलांबीचा पडतो. एकाचा शिखरबिंदू दुसऱ्याच्या दरीवर येतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. कडेशेजारचा बिंदू आणि मध्याशेजारचा बिंदू, त्यांचंही तसंच. अशा जोड्या लावत गेलं की फटीचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याला पूर्ण खोडतो.

आता दोन्ही फटी उघड्या ठेवा. त्याच जागी दोन फटींमधल्या प्रकाशात फरक येतो तीन तरंगलांब्यांचा, म्हणजे शिखरावर शिखर. व्यतिकरण म्हणतं इथे तेजस्वी ठिपका हवा. पण जुळवायला दोन्हीकडून आलेलं काही असायला हवं ना! शून्यात शून्य मिळवलं तर शून्यच. भिंतीवरची तीव्रता ही दोन गोष्टींचा गुणाकार असते: दोन फटींच्या व्यतिकरणाची बारीक ओळ आणि प्रत्येक फटीच्या विवर्तनाची रुंद मर्यादा. फटींमधलं अंतर रुंदीच्या तिप्पट असलं की दर तिसरा ठिपका या गुणाकारात मरतो. मधल्या ठिपक्याला १०० धरलं तर पहिला ६८, दुसरा १७, तिसरा शून्य, चौथा ४ आणि पाचवा जेमतेम ३. चौथा-पाचवा इतके फिके असतात की अर्धवट उजेडात ते मोजले गेले हेच नवल.

ब्लेड मागेपुढे करताना आणखी एक गोष्ट समोर आली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रयोगातली हीच सर्वांत मोलाची. मधल्या आणि पहिल्या ठिपक्याच्या बरोबर मध्ये, ३.२५ मि.मी.वर, दोन्ही फटी उघड्या असताना काळोख असतो. एक फट बंद केली की तिथे उजेड येतो. प्रकाशाची वाट अर्धी अडवली आणि काळी जागा उजळली! नुसता उजेड येत नाही, एका फटीच्या पट्ट्याच्या मध्याइतकाच जवळपास, ९१ टक्के. त्याच वेळी मधला ठिपका मात्र एक चतुर्थांश होतो, कारण दोन फटींच्या लहरी तिथे जुळून दुप्पट होतात आणि तीव्रता दुपटीच्या वर्गाने, म्हणजे चौपट वाढलेली असते. कुठेही ऊर्जा हरवत नाही. काळ्या जागांची ऊर्जा तेजस्वी जागांकडे गेलेली असते. कणांच्या भाषेत हे सांगायला गेलं की अडखळायला होतं, लहरींच्या भाषेत ते सहज बसतं. मुलांनी हे ब्लेड आतबाहेर करून कितीतरी वेळ पाहिलं. मी थांबवलं नाही.

लंडनमध्ये थॉमस यंग यांनी २४ नोव्हेंबर १८०३ रोजी रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग सांगितला त्यात दोन फटी नव्हत्याच. उन्हाच्या बारीक झोतात त्यांनी एक इंचाचा तिसावा भाग रुंद अशी कागदाची पट्टी धरली होती. पट्टीच्या सावलीत रंगीत पट्टे दिसत. पट्टीच्या एका बाजूने येणारा प्रकाश छोट्या आडोशाने अडवला की सावलीतले पट्टे नाहीसे होत. आमच्या ब्लेडने तेच काम केलं. दोन छिद्रांची मांडणी त्यांनी १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत दिली. विवर्तन तर त्याच्याही फार आधी नजरेला आलेलं: ग्रिमाल्दी या इटालियन पाद्र्याचं त्यावरचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १६६५ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात बांधल्या त्या फ्रेनेल यांनी, १८१८ च्या सुमारास. शिकवताना मात्र आपण त्या पुन्हा वेगळ्या करतो आणि मुलांना वाटतं की दुहेरी फटीत व्यतिकरण असतं आणि एकेरी फटीत विवर्तन. फट ही फटच असते, ती एकटी असो वा जोडीने.

आधी भाकीत, मग दिवा

स्पष्टीकरण समजलं असं वाटणं आणि ते खरंच समजणं यात फरक असतो. म्हणून दुसरी स्लाइड दिली: फटीची रुंदी तीच ०.१०, अंतर ०.४०. लेझर लावायच्या आधी काय दिसेल ते लिहून ठेवायचं होतं. गटात थोडा वाद झाला. एकाचं म्हणणं की गायब होणारा ठिपका आत सरकेल, कारण अंतर वाढल्यावर सगळंच आक्रसतं. मिरजेची मुलगी ठाम होती की काळी जागा हलणार नाही, ती फटीच्या रुंदीवर ठरते आणि रुंदी बदललेली नाही. ठिपके तेवढे दाटीने पडतील, ४.९ मि.मी.वर, आणि आता तिसऱ्याऐवजी चौथा मरेल.

लेझर लावला. चौथा नव्हता. काळी जागा १९.५ वरच होती.

मग हिशेब उलटा फिरवता आला. तरंगलांबी ६५० आणि पडद्याचं अंतर ३ मीटर हे माहीत आहे, काळी जागा १९.५ मि.मी.वर आहे, तर फटीची रुंदी काढा. उत्तर ०.१० मि.मी. मायक्रोस्कोपने चार वाचनं घेऊन, डोळे ताणून जे मिळालं होतं, तेच भिंतीवरच्या एका रिकाम्या जागेने दिलं. सकाळपासून जिला चूक समजत होते ती जागाच आता मोजपट्टी झाली होती.

शेजारच्या टेबलाचं काय?

बाकीच्या गटांची उत्तरं ६५० च्या आसपास आली होती, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडलाच नाही. पण त्यांच्या स्लाइडवरच्या फटी ०.०४ मि.मी. रुंद होत्या आणि अंतर ०.२५. फट अरुंद असली की विवर्तन जास्त पसरतं. त्यांची पहिली काळी जागा मध्यापासून जवळपास ४९ मि.मी.वर पडत होती. ठिपके ७.८ मि.मी.च्या अंतराने. त्यांनी दोन्ही बाजूंना पाचव्या ठिपक्यापर्यंत मोजलं आणि थांबले, मर्यादेच्या आतच. त्यांचं उत्तर बरोबर होतं हे खरं, पण त्यांच्या स्लाइडने त्यांना अडवलंच नाही हेही तितकंच खरं.

त्या दिवसानंतर प्रॅक्टिकलच्या सूचनांमध्ये मी बदल केला. ठिपके मोजून भागायचं नाही. प्रत्येक ठिपक्याचं मध्यापासूनचं अंतर लिहायचं, अंतरांची वजाबाकी करायची, आणि वजाबाकी कुठे दुप्पट येते का ते पाहायचं. रुंद फटीची स्लाइड निदान एकदा प्रत्येक गटाच्या हाती पडेल याचीही व्यवस्था केली. मायक्रोस्कोपचं वाचन सगळ्यांनीच करायचं, कारण स्लाइडवर काय छापलंय यावर विसंबून राहायची सवय तिथेच सुटते.

त्याच दुपारी या गटाने शेजारच्या टेबलासाठी एक भाकीत लिहून दिलं. तिथे अंतर भागिले रुंदी ६.२५ येतं, पूर्णांक नाही, म्हणून मध्याजवळचा कुठलाच ठिपका पुरता मरणार नाही. पण सहावा काळ्या जागेच्या इतका जवळ आहे की तो मधल्याच्या ०.२ टक्केही भरणार नाही, आणि त्याच्या पलीकडचा सातवा १ टक्क्याच्या वर जाईल. आत असलेला ठिपका बाहेरच्यापेक्षा फिका, कितीतरी पटींनी. शेजारच्या गटाला हे पटेना, त्यांच्या मते बाहेर जावं तसं फिकं होत जायला हवं. पडदे पुन्हा ओढले, मधल्या तेजस्वी भागावर काळं कार्ड धरलं म्हणजे डोळे दिपणार नाहीत. ४६.८ वर कुणालाच काही दिसलं नाही. ५४.६ वर ठिपका होता, फिका पण नक्की. दोन्ही गटांनी तो आपापल्या जर्नलमध्ये सातवा म्हणून लिहिला आणि सहाव्याच्या रकान्यात अंतर लिहून पुढे "दिसत नाही" असं नोंदवलं.